चालती ठेव

माण तालुक्यात बँकेत असताना एका धनगराचा कर्जाचा अर्ज मी परत केला होता. पत्त्याचा रकाना रिकामा. दिवाळीनंतर माणूस कळपाबरोबर वाटेवर. तो एवढेच म्हणाला, "साहेब, आमची ठेव चालती असते."

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात मेंढ्या सुमारे २७ लाख भरल्या, २०१२ पेक्षा थोड्या जास्तच. राजस्थानात मात्र त्या जवळजवळ १३ टक्क्यांनी घटल्या. आपला आकडा दिलासा देतो खरा. पण गणना डोकी मोजते, चराऊ राने मोजत नाही. जाड्याभरड्या दख्खनी लोकरीला भाव राहिला नाही, मेंढी उरली मटणापुरती. माळांना कुंपणे पडली. लेंडीखतासाठी रानात मेंढरे बसवून घेणारा शेतकरी आजही धान्य-पैसा देतो. पण वाटच मिटली, तर ही ठेव चालणार कुठून?