रिकामा चाप



गेल्या महिन्यात डहाणूच्या मामांना काडतुसं घ्यायची होती. त्यांची चिकूची वाडी आहे, रानडुकरांचा त्रास आहे, म्हणून घरात परवान्याची जुनी बाराबोअर आहे. त्यांच्या गाडीतून बाबा आणि मीही मुंबईला गेलो. माझ्या जाण्याला कारण होतं. सिल्वासात आमच्या सोसायटीत चोरी झाली आणि तेव्हापासून मी रात्री कडी दोन-दोनदा तपासतो. आपणही परवाना काढावा का, हे मनात घोळत होतं.

दुकानदार मामांचा परवाना बघून वहीत नोंद करत होते, तेवढ्यात काचेच्या कपाटात ती दिसली. स्मिथ अँड वेसनची के-ट्वेंटीटू. ही जात अमेरिकेत १९३१ पासूनची, नेमबाजीसाठी बनवलेली. निळसर काळं पोलाद इतकं गुळगुळीत, की त्यात छतावरची ट्यूबलाइट सरळ रेघेसारखी दिसत होती. लाकडी मुठीवर बारीक चौकटींची नक्षी.

दुकानदारांनी ती काढली, चक्री उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि बाबांच्या हातात दिली. बाबांनी चकाकीकडे बघितलंसुद्धा नाही. मसाटच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस! नळी भिंतीकडे धरून त्यांनी घोडा हळूहळू मागे ओढला. चक्री फिरली आणि ‘टक्’ करून थांबली. बोटाने हलवून बघितली, तर जराही खेळ नाही.

“सहा घरं, म्हणजे दर वेळी बरोबर साठ अंश,” बाबा म्हणाले. “घर आणि नळी एका रेषेत आली नाहीत, तर गोळी कडेला घासणार. आणि गोळी किती, तर साडेपाच मिलिमीटरची.” मी सॉफ्टवेअरवाला. माझी चूक पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होते. इथे तशी सोय नाही.

मग माझी पाळी. सवयीने बोट चापाकडे गेलं आणि दुकानदार ओरडले, “रिकामा चाप ओढू नका!”

बाबांना लगेच कळलं, मला समजावून सांगावं लागलं. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी टोपी असते, तिच्यावर घाव बसतो. या छोट्या काडतुसात ती नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो, म्हणून नाव रिमफायर. पिन काठावर आपटते. काडतूस नसेल तर ती थेट घराच्या कडेवर आपटते आणि कड खराब होते.

परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे असा जुना माल दुर्मीळ. भाव ऐकून मामांनी मला कोपराने ढोसलं.

परतताना मी विचारलं, “बाबा, परवान्याला अर्ज करू का? ही नाही, एखादी देशी.”

“तुला ती वस्तू आवडली, की घरात हवी आहे?”

“चोरी झाली ना...”

“कुठे ठेवशील? कपाटात कुलूप लावून ठेवलीस, तर चोर आल्यावर उपयोग नाही. उशाशी ठेवलीस, तर घरात सात वर्षांचा मुलगा आहे. त्याला कोण सांगणार, रिकामा चाप ओढू नको म्हणून? आणि रिकामा आहे हे त्याला कसं कळणार?”

मामा, ज्यांच्या घरी बंदूक आहे, तेही गप्प बसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. अर्ज केला नाही. दाराला चांगलं कुलूप बसवलं, जिन्यात दिवा लावून घेतला, आणि सोसायटीच्या सभेत रखवालदाराचा विषय काढला.

पण ती चक्री डोळ्यांपुढून जात नाही. लेकाला मी राही सरनोबतबद्दल सांगितलं. आपल्या कोल्हापूरची ही नेमबाज, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकणारी. त्या प्रकारात हेच छोटं काडतूस चालतं. शिवाय दहा मीटरची सुरुवात हवेच्या पिस्तुलावर होते. मोठा झाल्यावर त्याला वाटलं, तर रेंजवर शिकेल, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली.

सध्या आजोबांनी त्याला कंपास दिला आहे. वर्तुळ काढायचं, तेवढंच अंतर ठेवून कडेवर खुणा करत जायचं. बरोबर सहा होतात. काल त्याने सात केल्या. आजोबा म्हणाले, “टोक सरकलं तुझं. पुन्हा काढ.”