'विथ'ची सोबत

मागल्या पावसाळ्यातील गोष्ट. एका संध्याकाळी भोपाळहून आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "आजोबा, आजीसोबत अपघात झाला." आमच्या हातातील चहाचा पेला हातातच राहिला. आम्ही घाईघाईने विचारले, "आणि तुला? तुला कितपत लागलं आहे?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आले, "मला? मी तर घरीच होते. आजीला रिक्षाचा धक्का लागला." 'आजीसोबत' हा शब्द कानी पडताच आम्ही आजी आणि नात अशा दोघींना इस्पितळात नेऊन निजविले होते! वास्तविक वहिनींचा घोटा तेवढा मोडला होता. तेही दुःखच, पण दीड मिनिट आम्ही जे भोगले त्याची भरपाई कोण करणार?

'दादी के साथ हादसा हो गया' हे हिंदी वाक्य नातीने मराठी कपडे घालून आमच्यापुढे उभे केले होते. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हां मंडळींनी हिंदीशी सोवळे पाळावे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. ते शक्यही नाही आणि शोभणारेही नाही. परंतु मराठीत अपघात माणसाला होतो, माणसासोबत होत नाही, एवढे तरी जपावयास हवे.

पुढल्या आठवड्यात आम्ही वहिनींना पाहावयास गेलो, तो ही चिमुरडी इंग्रजीची वही घेऊन समोर बसली. तिला शाळेत 'विथ' म्हणजे 'के साथ' असे एकदाचे सांगून ठेवले होते. त्या हिशेबाने 'माय फादर इज अँग्री विथ मी' याचे तिने मराठी केले, "बाबा माझ्यासोबत रागावले." म्हणजे बापलेक दोघेही मिळून तिसऱ्यावरच रागावले! आम्ही हसलो तशी ती फुरंगटून म्हणाली, "मग 'विथ'चा खरा अर्थ काय, ते तुम्हीच सांगा." प्रश्न रास्त होता. आम्ही शब्दकोश उघडला आणि वहिनींच्या उशाशी बसून आमची शिकवणी सुरू झाली.

'विथ'चा मूळ अर्थ 'सोबत' नव्हेच. प्राचीन इंग्रजीत हा शब्द 'विरुद्ध', 'समोर' अशा अर्थाने वापरीत. त्याचे मूळ आणखी मागे शोधीत गेले तर ते आपल्या संस्कृतातील 'वि' या उपसर्गाशी जाऊन भिडते. वियोग, विभक्त, विरोध यांतला जो 'वि', तोच; आणि त्याला उच्चतर, लघुतर यांमधील 'तर' या प्रत्ययाचा भाऊ जोडलेला. म्हणजे जो शब्द आज संगतीचा म्हणून मिरवतो त्याचा जन्मार्थ 'अधिक दूर' असा आहे! हा जुना स्वभाव काही जोडशब्दांत आजही दिसतो. 'विथस्टँड' म्हणजे समोर ठाकून टिकाव धरणे, 'विथहोल्ड' म्हणजे अडवून ठेवणे, 'विथड्रॉ' म्हणजे मागे ओढून घेणे. यांत कोठेही सोबत नाही.

मग सोबतीसाठी त्या काळचे इंग्रज काय म्हणत? त्यांच्यापाशी 'मिड' असा वेगळा शब्द होता. जर्मन भाषेत 'मिट' या रूपाने तो आजही नांदतो आहे. इंग्रजीत मात्र तो मागे पडत गेला आणि चौदाव्या शतकापर्यंत त्याची जागा 'विथ'ने बळकावली. जाता जाता 'मिड'ची एकच आठवण तेवढी राहिली, ती 'मिडवाइफ' या शब्दात. त्यातील 'वाइफ' म्हणजे बायको नव्हे; तेव्हा त्याचा अर्थ कोणतीही स्त्री असा होता. बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई, ती मिडवाइफ; आपली सुईण. हे ऐकून वहिनी अंथरुणातूनच म्हणाल्या, "शब्दसुद्धा सुइणीनेच राखला म्हणायचा!"

विरोधाचा शब्द सोबतीचा कसा झाला? भांडण एकट्याने होत नाही, त्याला दुसरा लागतो. झुंजताना, सौदा करताना, बोलताना दोन माणसे समोरासमोर येतात. 'समोर' या अर्थातून हळूहळू 'संबंधात' आणि मग 'संगतीत' असा अर्थ सरकत गेला. उत्तर इंग्लंडात येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेत याच शब्दाचा भाऊबंद सोबतीच्या अर्थाने वापरात होता, त्याचाही हातभार लागला असे भाषापंडित मानतात.

पण जुना अर्थ पुरता न गेल्याने इंग्रजीत एक गोंधळ कायम राहिला आहे. 'होळकर फॉट विथ शिंदे' असे कोणी लिहिले तर काय समजावे? १७६१ साली पानिपतावर मल्हारराव होळकर आणि जनकोजी शिंदे एकाच फौजेत होते. १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी दौलतराव शिंद्यांच्या व पेशव्यांच्या फौजांचा पराभव केला. इंग्रजी वाक्य दोन्ही प्रसंगांना चालते! मराठीत पानिपतावर होळकर शिंद्यांबरोबर लढले आणि हडपसरला शिंद्यांशी लढले. एका 'शी'ने इतिहासाचा घोटाळा टळतो. आज इंदूर-ग्वाल्हेरच्याच काय, खुद्द पुण्याच्याही मुलांच्या तोंडून नाहीसा होऊ लागला आहे तो हाच 'शी'. 'माझ्याशी बोल' याचे 'माझ्यासोबत बोल' झाले. 'मालूचे गोविंदाशी लग्न झाले' याऐवजी 'गोविंदासोबत लग्न झाले' म्हणतात. आम्हांला तर एकाच मांडवात दोन बोहली दिसू लागतात! गंमत अशी की, येथे इंग्रजही 'विथ' म्हणत नाही, तो 'मॅरीड टू' म्हणतो.

हत्याराचा अर्थ मात्र 'विथ'ने व्यवस्थित सांभाळला आहे. चोराने सुरीने वार केला, तर चोरासाठी 'बाय' आणि सुरीसाठी 'विथ'. 'ट्रेंबल विथ फियर' म्हणजे भीतीने थरथरणे. संगत आणि साधन या दोहोंना एकच रूप हे आपल्याला नवे नाही. संस्कृतात सुरीलाही तृतीया आणि 'सह'च्या शेजारी बसणाऱ्यालाही तृतीयाच. शाळेत आम्ही जे 'ने, ए, शी' घोकले, त्यात तरी दुसरे काय होते? 'पार्ट' या क्रियापदाची खोड तेवढी ध्यानात ठेवावी. माणसाचा निरोप घेताना 'पार्ट फ्रॉम' म्हणतात. जवळची वस्तू देऊन टाकताना 'पार्ट विथ'. आमच्या मते येथे त्या जुन्या 'वि'चा वास अद्याप येतो.

आणि आपले शब्द तरी कोठे घरचे आहेत? 'सोबत' अरबीतून फारसीच्या मार्गाने आली. 'बरोबर' फारसीच, 'बर' म्हणजे छाती. छातीला छाती लावून उभे राहणे ते बरोबर. हिंदीतील ज्या 'साथ'वर आम्ही एवढे रागावलो, तो संस्कृतातील 'सार्थ', म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. नातीला हा तांडा फार आवडला.

दिवाळीपूर्वी तिचा पुन्हा फोन आला. यावेळी आवाज आनंदी होता. "आजोबा, आजीचं प्लास्टर निघालं. आजी आता काठीसोबत फिरायला जाते." आम्ही 'काठीने' म्हणून सुधारणा करणार, तोच वहिनींनी तिच्या हातून फोन घेतला. म्हणाल्या, "बरोबर बोलते आहे पोर. तुमच्या दादांपेक्षा ही काठीच हल्ली माझी जास्त सोबत करते."