फोर बाय फोरचा हिशेब आमच्या कारागिरांनी शिकावा

मोटार दुरुस्ती आणि जुन्या सुट्या भागांचा व्यापार यांवर आमच्या समाजातील अनेक घरांची रोजी चालते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत आमचे कारागीर या धंद्यात आहेत. उस्तादाच्या हाताखाली मिळवलेला हुनर आजवर पुरला. यापुढे तो एकटा पुरणार नाही, असे आम्हांस वाटते. फोर बाय फोर गाड्यांचेच उदाहरण घ्या.

जुन्या जिप्सीत किंवा आजच्या थारमध्ये ट्रान्सफर केस असतो. लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांत जखडले जातात. यालाच सर्रास 'निम्मी ताकद पुढे, निम्मी मागे' म्हणतात. हे खरे नाही. सारखा होतो तो वेग. टॉर्क मात्र ज्या चाकांना पकड आहे तिकडे जातो. पुढची चाके चिखलात फिरू लागली तर जवळजवळ सगळा टॉर्क मागे जातो. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर हे जखडलेले शाफ्ट एकमेकांशी झुंजतात, टायर घासतात आणि गिअरांवर ताण येतो.

ऑडीने १९८० च्या क्वाट्रो गाडीत दोन्ही शाफ्टांमध्ये डिफरन्शियल बसवून ही अडचण दूर केली. २०१४ ची डस्टर एडब्ल्यूडी आणि २०२२ ची ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप यांची रीत आणखी वेगळी आहे. त्यांत पुढची चाके कायम ओढतात. मागच्या ॲक्सलपाशी अनेक प्लेटांचा क्लच असतो आणि काँप्युटर या प्लेटा जितक्या दाबेल तितका टॉर्क मागे जातो.

येथेच आमच्या कारागिराची कसोटी आहे. अशा गाडीला दोनच नवे टायर घातले आणि दोन झिजलेले ठेवले, तर पुढच्या-मागच्या वेगात कायमचा फरक राहतो. प्लेटा घसरून तापतात आणि क्लच जळू शकतो. गाडी बंद पडली म्हणून दोन चाके जमिनीवर ठेवून ओढून आणली तरी तोच धोका. ती चारही चाके उचलूनच आणावी.

सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. फोर बाय फोरच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो जुळावा लागतो. रेशो न तपासता ॲक्सल विकणे म्हणजे ग्राहकाच्या गळ्यात नुकसान बांधणे होय. मालातील ऐब सांगून विकावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ऐब ठाऊकच नसेल तर सांगणार काय?

गॅरेजात आलेली गाडी ही अमानत आहे. अडाणीपणामुळे ती बिघडली तर ग्राहक कंपनीच्या वर्कशॉपकडे वळेल आणि परत येणार नाही. म्हणून आमची सूचना अशी की, गॅरेजवाल्यांनी मोहल्ल्यात महिन्यातून एक संध्याकाळ अशा शिकवणीसाठी काढावी, दुकानात सर्व्हिस मॅन्युअल ठेवावे आणि मुलांना पाना हाती देण्याबरोबर आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गातही घालावे. हातातील हुनराला इल्मची जोड मिळाली तर ही रोजी आपल्याच हातात राहील.