रुग्णालयानंतरची शुश्रूषा कोणाच्या भरवशावर?

नांदूरघाट (ता. केज) - पक्षाघाताचा रुग्ण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा त्याचे उपचार संपलेले नसतात, त्यांचा खर्च उचलणारे खाते मात्र बंद झालेले असते. दर दोन तासांनी कूस बदलणे, नाकातील नळीतून अन्न देणे, लघवीची नळी स्वच्छ ठेवणे, पाठीवरच्या जखमांची मलमपट्टी करणे ही कामे पुढे महिनोन्‌महिने चालतात. नांदूरघाट आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर ती कोण करणार, याचे उत्तर आजवर एकच होते : घरातील सून किंवा लेक. ऊसतोडीच्या हंगामात तेही उत्तर उरत नाही.

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचलही या जोडीच्या हिशेबाने असते. आजारी सासऱ्यासाठी सून मागे थांबली, तर कोयता अर्धा होतो आणि उचल अंगावर राहते. घरच्या शुश्रूषेला सरकारदरबारी किंमत नाही असे म्हटले जाते. या घरांत ती बुडालेल्या मजुरीच्या रूपाने चोख मोजली जाते.

सरकारचा पैसा कुठे खर्च होतो, हे पाहिले की कोंडी स्पष्ट होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा आणि राज्यातील सर्व कुटुंबांना ते लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने आयुष्मान भारत योजना ७० वर्षे व त्यावरील सर्वांना खुली केली. दोन्ही निर्णय मोठे आहेत, पण दोन्ही योजना रुग्णालयातील खाटेभोवती फिरतात. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतरचा खर्च मिळतो तो १५ दिवसांचा. अर्धांगवायू, कर्करोगाची शेवटची अवस्था किंवा खुब्याचे हाड मोडलेली वृद्धा यांचे खरे दिवस सोळाव्या दिवसापासून सुरू होतात. शहरी वाचकांनी आपल्या खासगी आरोग्यविम्याच्या अटीही याच दृष्टीने वाचून पाहाव्यात. घरी उपचाराची तरतूद साधारणपणे असते ती रुग्णाला हलवणे अशक्य असेल किंवा रुग्णालयात जागा नसेल तेव्हाच्या अल्पकाळासाठी. दीर्घकाळच्या शुश्रूषेसाठी नव्हे.

उरते निवृत्तिवेतन. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार रुपये झाले. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र वृद्धांना साहित्यासाठी एकदाच तीन हजार रुपये देण्याचे ठरले. त्यातून काठी, चष्मा, कमोड खुर्ची येऊ शकते. काठी धरायला शिकवणारे माणूस येत नाही.

माणूस शहराकडे, आजारी गावात

पुणे-मुंबईत ही गरज ब्युरो भागवतात. बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीने येणारी ''सिस्टर'' पुष्कळदा मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेली असते. तिच्याकडे नर्सिंगची पदविका असतेच असे नाही. अनेक जणी हातानेच काम शिकलेल्या असतात आणि नोंदणीकृत परिचारिका व मदतनीस यांतील फरक कित्येक कुटुंबांना बिल हाती येईपर्यंत कळत नाही. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आदेश दिला. त्यानुसार नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २० हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. घरोघर जाणारी परिचारिका त्या शिफारशीच्या कक्षेबाहेरच राहिली. ज्येष्ठांना घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी सक्तीची करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते संमत झाले नाही आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबरच निकालात निघाले. त्याबद्दल फारशी हळहळ कोणी व्यक्त केल्याचे दिसले नाही.

देणग्यांवर चालणाऱ्या संस्था चांगले काम करतात. पुण्यातील वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य सेवा करते. मात्र दानाचा आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा ओघ साहजिकच कारखाने व कार्यालये असलेल्या भागांकडे वळतो. केज तालुक्याच्या वाट्याला त्यातून काय येणार?

केरळची वाट आणि महाराष्ट्राचा हिशेब

या प्रश्नाला पैशाचे उत्तर केरळने शोधले. तेथे १९९३ मध्ये कोळिकोड येथे सुरू झालेले काम गावोगावच्या स्वयंसेवकांनी वाढवले, २००८ मध्ये सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि खर्चाचा भार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अंदाजपत्रकात आणला. पंचायतीच्या निधीतून नेमलेली परिचारिका घरी जाते, मलमपट्टी करते, नळी बदलते आणि घरच्यांनाही शिकवते.

महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये असे धोरण स्वीकारले, पण त्यामागे पंचायतींचा पैसा उभा राहिला नाही. केरळचा नमुना जसाच्या तसा उचलताही येणार नाही. तेथे ग्रामपंचायती ९४१, प्रत्येक जण आपल्याकडच्या मोठ्या गावापेक्षाही मोठी. महाराष्ट्रात त्या २७ हजारांहून अधिक. बहुतेकींना पाणीपट्टी वसूल करतानाच धाप लागते. म्हणून आपल्याकडे एकक ग्रामपंचायत नव्हे, तर प्राथमिक आरोग्य केंद्र असायला हवे. राज्यात अशी केंद्रे सुमारे १,८०० आहेत. प्रत्येक केंद्राला केवळ गृहशुश्रूषेसाठी एक परिचारिका, दरमहा २० हजार रुपयांनी नेमली, तर वर्षाचा वेतनखर्च ४३ कोटी रुपयांच्या घरात जातो. वाहन, औषधे आणि साहित्य धरून तो दुप्पट झाला, तरी राज्याच्या तिजोरीला न पेलणारा नाही.

ऊसपट्ट्यासाठी आणखी एक मार्ग आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रतिटन दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले आहे. दहा कोटी टन गाळप झाले, तर कारखान्यांच्या वाट्याचेच शंभर कोटी होतात. वसुली पूर्ण झाली, तर त्यातला थोडा भाग कोयते बाहेर गेलेल्या गावांतील आजाऱ्यांसाठी राखता येईल.

घरी जाऊन केलेल्या सेवेचे पैसे सरकार देत नाही, असेही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरीच काळजी घेतली, बालमृत्यू घटले आणि १९९९ मध्ये ''लॅन्सेट''ने त्याची दखल घेतली. २०११ मध्ये ती पद्धत देशभर आली, तेव्हा बाळाच्या ४२ दिवसांतील भेटींसाठी ''आशा''ला २५० रुपये मोबदला ठरला. रक्कम तुटपुंजी, पण घरातील भेट हे मोजता येणारे, पैसे देण्याजोगे काम आहे, हे तत्त्व मान्य झाले. वृद्धांच्या बाबतीत ते अद्याप पुरते मान्य व्हायचे आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आहे. ती द्यायची मात्र लसीकरण, बाळंतपणे आणि अहवाल यांत गुंतलेल्या त्याच मनुष्यबळाने.

संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ मधील अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाच जणांत एक साठीपुढचा असेल. बीडमध्ये अडचण दुहेरी आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ज्या सुना-लेकींवर ही सारी व्यवस्था फुकटात उभी आहे, त्यांच्या पुढच्या पिढीचा हा आकडा आहे आणि त्यातील शिकलेल्या मुली नोकरीसाठी पुण्याची गाडी धरणार, हेही उघड आहे.

अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगाव येथे वृद्धत्व आरोग्य केंद्राची इमारत उभी राहिली. २०२० मध्ये ती कोरोना रुग्णालय म्हणून कामी आली. मागे राहणाऱ्या ऊसतोड मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. घरातच अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या आजी-आजोबांसाठी पुढील हंगामात कोयते बाहेर पडण्यापूर्वी किमान गावनिहाय यादी तरी तयार व्हावी, एवढे काम आरोग्य विभागाला नवा रुपया न मागताही करता येण्यासारखे आहे.