‘पिस्तुल्या’ ते ‘नाळ २’ : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या यादीत सोलापूर जिल्हा पुन्हा पुन्हा का दिसतो?

२३ सप्टेंबर २०२५. दिल्लीच्या विज्ञान भवनात ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले जात होते. समोर शाहरुख खान, राणी मुखर्जी, विक्रांत मॅसी अशी मंडळी बसलेली. पण महाराष्ट्रातल्या मोबाईलवर सगळ्यात जास्त फिरली ती साडी नेसून राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेणारी चिमुकली त्रिशा ठोसर. तिचा सिनेमा ‘नाळ २’. याच सिनेमातल्या श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगतापलाही बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला आणि सर्वोत्कृष्ट बालचित्रपटही ‘नाळ २’च ठरला.

या सिनेमाच्या निर्मात्यांमध्ये एक ओळखीचं नाव होतं. नागराज मंजुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात जेऊर नावाचं गाव आहे, तिथले. गेल्या पंधरा वर्षांत या जिल्ह्याचं नाव पुरस्कारांच्या यादीत इतक्या वेळा आलंय की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

आधी पुरस्काराची गोष्ट बघू.

हे पुरस्कार पहिल्यांदा १९५४ साली दिले गेले. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आचार्य अत्रेंच्या ‘श्यामची आई’ला. त्यानंतर मराठी सिनेमाला देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट व्हायला थेट ‘श्वास’ची वाट बघावी लागली. म्हणजे मध्ये पन्नास वर्षं गेली.

सुरुवातीला हे पुरस्कार फक्त सिनेमांना होते. नट-नट्यांना स्वतंत्र पुरस्कार १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले. पुढच्याच वर्षापासून बालकलाकाराचा पुरस्कार आला आणि १९८० पासून दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमासाठीचा. बातम्यांमध्ये या दोन पुरस्कारांना दोन ओळी मिळतात, पण सोलापूरच्या गोष्टीत तेच महत्त्वाचे आहेत.

सोलापूर शहराचं नाव या यादीत आधीच लागलं होतं. इथल्या ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेतून पुढे आलेल्या अतुल कुलकर्णींनी ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’साठी दोनदा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळवला. पण ते हिंदीत आणि अभिनयासाठी. जिल्ह्यातल्या माणसांची गोष्ट पडद्यावर आली ती नंतर.

नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ नावाची शॉर्टफिल्म केली. शाळेची ओढ असलेल्या, पण शाळेबाहेरच राहिलेल्या पोराची गोष्ट. ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला लघुपट-माहितीपट विभागात पदार्पणाचा पुरस्कार मिळाला.

मग आला ‘फँड्री’. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. ६१ व्या पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमाचा पुरस्कार ‘फँड्री’ला मिळाला आणि जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरला. त्याआधी त्याने कधी कॅमेऱ्यासमोर काम केलं नव्हतं.

२०१६ च्या मार्चमध्ये ६३ व्या पुरस्कारांची घोषणा झाली. अकलूजच्या रिंकू राजगुरूचा ‘सैराट’साठी विशेष उल्लेख झाला. तेव्हा ‘सैराट’ थिएटरला लागलाही नव्हता! तो आला २९ एप्रिलला. म्हणजे शंभर कोटींचा आकडा, झिंगाट, आर्चीची क्रेझ हे सगळं नंतरचं. हे होऊ शकलं कारण या पुरस्कारासाठी सिनेमा कधी प्रदर्शित झाला हे बघत नाहीत, सेन्सॉर सर्टिफिकेट कोणत्या वर्षी मिळालं हे बघतात.

त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला मकरंद माने यांचा ‘रिंगण’. त्यातले बाप-लेकही फिरतात ते पंढरपुरातच.

पुढे ६५ व्या पुरस्कारांत ‘पावसाचा निबंध’ या शॉर्टफिल्मसाठी नागराज यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी, ६६ व्या पुरस्कारांत, त्यांची निर्मिती असलेल्या ‘नाळ’ने पदार्पणाचा पुरस्कार घेतला. तो मिळाला सुधाकर रेड्डी यक्कंटींना. ‘सैराट’चा कॅमेरा त्यांनीच केला होता.

आता ही यादी नीट बघा. पहिला सिनेमा, बालकलाकार, विशेष उल्लेख, शॉर्टफिल्म. ‘फँड्री’, ‘सैराट’ आणि ‘नाळ’ या तिघांपैकी एकालाही ‘सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट’ हा पुरस्कार मिळालेला नाही. तो त्या-त्या वर्षी ‘आजचा दिवस माझा’, ‘रिंगण’ आणि ‘भोंगा’ला गेला.

जेऊर-अकलूजच्या माणसाला सिनेमात ना काका असतो ना मामा. फिल्म इंडस्ट्रीतल्या ओळखीवर चालणाऱ्या बक्षिसांत त्याचा नंबर लागणं अवघड. राष्ट्रीय पुरस्कारात अर्ज भरावा लागतो, मग ज्युरी सिनेमा बघते आणि ठरवते. ज्युरी सरकार नेमतं, त्यामुळे निकालावर दरवर्षी वादही होतात आणि ते व्हायलाही हवेत. पण नवख्या माणसाला आत यायला वेगळं दार ठेवलेलं आहे, हे या पुरस्काराचं बलस्थान आहे.

म्हणूनच नियम बदलले की मोठ्या पुरस्कारांच्या आधी या छोट्या पुरस्कारांचं काय झालं ते बघायला हवं. ७० व्या पुरस्कारांपासून बरेच बदल झाले. काही पुरस्कार एकत्र केले गेले, काही कमी झाले. पदार्पणाच्या पुरस्कारातून इंदिरा गांधींचं नाव काढल्यावर वाद झाला. त्या वादात दुसरा बदल मागे पडला. आधी या पुरस्काराची रक्कम निर्माता आणि दिग्दर्शकात वाटली जायची. आता तीन लाखांची पूर्ण रक्कम दिग्दर्शकाला मिळते. बालकलाकाराचा पुरस्कारही कायम आहे, त्याची रक्कम दोन लाख झाली.

अर्थात पुरस्कार मिळाला म्हणून थिएटर मिळतं असं नाही. ‘सैराट’सारखं नशीब सगळ्यांचं नसतं. पण कॉलेजात केलेल्या एका शॉर्टफिल्मची दिल्लीत दखल घेतली गेली आणि त्यानंतरच्या सिनेमांनी करमाळ्याची, अकलूजची पोरं पडद्यावर आणली.

त्यामुळे पुढची यादी जाहीर झाली की बेस्ट ॲक्टरवर थांबू नका. खाली स्क्रोल करा आणि पदार्पणाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघा. पुढचा ‘फँड्री’ बहुतेक तिथेच सापडेल.