तंजावरची ‘सुखोई’ आणि अंतराळातील नजर

तंजावर : बृहदीश्वराच्या आणि भोसले राजघराण्याच्या या नगरीत हिंदी महासागरावरील पहाऱ्याचे एक महत्त्वाचे ठाणे आहे. २० जानेवारी २०२० रोजी तत्कालीन संरक्षणदल प्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या उपस्थितीत येथील हवाई तळावर हवाई दलाची २२२ क्रमांकाची ‘टायगरशार्क्स’ स्क्वाड्रन दाखल झाली. ‘ब्रह्मोस’ क्षेपणास्त्र वाहून नेणाऱ्या सुखोई-३० एमकेआय विमानांची दक्षिण भारतातील ही पहिली स्क्वाड्रन. तिचे मुख्य कार्य सागरी प्रहाराचे आहे आणि त्यातूनच एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : लक्ष्य नेमके कोठे आहे, हे कोण सांगणार?

‘ब्रह्मोस’ ध्वनीच्या सुमारे पावणेतीन पट वेगाने जाते. तीनशे किलोमीटरचे अंतर ते अवघ्या सहा मिनिटांच्या आसपास कापते. मात्र वीस नॉट वेगाने निघालेली युद्धनौका तीन तासांत शंभर किलोमीटरहून अधिक दूर जाते. तीन तासांपूर्वीच्या उपग्रहछायाचित्रावर विसंबून केलेला प्रहार म्हणूनच व्यर्थ ठरू शकतो. शस्त्राचा वेग वाढला, तरी माहितीचा वेग त्याच्या बरोबरीने वाढला पाहिजे.

ही माहिती पुरवणाऱ्या यंत्रणेचा कणा म्हणजे २०१९ मध्ये बंगळुरू येथे स्थापन झालेली संरक्षण अंतराळ संस्था. ती तिन्ही दलांची संयुक्त संस्था असली, तरी तिचे पहिले प्रमुखपद हवाई दलाचे एअर व्हाइस मार्शल एस. पी. धारकर यांच्याकडे आले. हे स्वाभाविकही होते. शत्रूच्या भूमीची उंचावरून छायाचित्रे टिपणे आणि त्यांचा अर्थ लावणे ही हवाई दलाची जुनी विद्या आहे. २००६ मध्ये निवृत्त झालेली मिग-२५ विमाने हेच काम करीत होती. हवा आणि अंतराळ हे एकच सलग क्षेत्र आहे, अशी या दलाची भूमिकाही नवी नाही.

या वारशाचे लाभ स्पष्ट आहेत. निर्णयातील शीघ्रता, तांत्रिक शिस्त आणि माहिती थेट उड्डाणापर्यंत पोहोचवण्याची सवय यांचा प्रत्येक गुप्तवार्ता विभागाला उपयोग होतो. तथापि, वैमानिकाची दृष्टी साहजिकच लक्ष्यकेंद्री असते : त्याला निर्देशांक हवा असतो आणि तो तत्काळ हवा असतो. भूदलाची गरज निराळी आहे. सीमेपलीकडे महिनोन्‌महिने उभे राहणारे रस्ते, तंबू आणि साठे यांतून हेतू ओळखायचा, तर संथ व सातत्यपूर्ण निरीक्षण लागते. नौदलाला विस्तीर्ण समुद्रावरील हालचालींचे अखंड चित्र हवे असते. एकाच उपग्रहाची फेरी तिघांच्या मागण्या एकाच वेळी पूर्ण करू शकत नाही. अशा वेळी प्राधान्य कोणाला, हे नियमाने ठरले नाही, तर ते संस्थेच्या सवयीने ठरते.

अमेरिकेने हा अनुभव घेतला आहे. १९६० च्या दशकात ‘कोरोना’ या टेहळणी उपग्रहांच्या नियंत्रणावरून तेथील हवाई दल आणि सीआयए यांच्यात तीव्र चढाओढ झाली. पुढे २० डिसेंबर २०१९ रोजी अंतराळ दल स्वतंत्र झाले. तरीही ते हवाई दलाच्याच मंत्रालयीन विभागात राहिले. संघटनेची पाटी बदलणे सोपे असते, अंगवळणी पडलेली कार्यपद्धती बदलणे कठीण.

भारतासाठी हा मुद्दा आता अधिक निकडीचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. उपग्रह वाढले की छायाचित्रांमधील अंतर कमी होईल. परंतु ती वाचणारे प्रशिक्षित विश्लेषक आणि त्यांच्या कामाचा क्रम ठरवणारी व्यवस्था आपोआप उभी राहणार नाही. तिन्ही दलांतून आलेल्या विश्लेषकांना दीर्घ कार्यकाळ, नेतृत्वपदाची समान संधी आणि प्राधान्यक्रमाचे लिखित निकष मिळाले, तर हवाई दलाची तत्परता हे संस्थेचे बळ ठरेल. अन्यथा तीच तिची मर्यादा होईल आणि त्याची किंमत तंजावरहून झेपावणाऱ्या वैमानिकालाही चुकवावी लागेल. कारण समुद्राचे अखंड चित्र नसेल, तर त्याला हवा असलेला निर्देशांकही वेळेवर मिळणार नाही.