पाठीला पटेल ती मोटार

दिवाळी अंकात तरी मोटारीच्या खर्चाचे रडगाणे गाऊ नये, असा या सदराचा दरसालचा निश्चय असतो. यंदा तो पाळणे सोपे आहे. कारण मोटार आमची नव्हे, भाच्याची आहे, आणि ती इंग्लंडात आहे.

भाचा राहतो कॉव्हेंट्रीला आणि नोकरीला जातो लेस्टरला. जाऊनयेऊन रोजचे पन्नास मैल. दोन आसनांची, बसकी स्पोर्ट्स कार घ्यावी ही त्याची शाळेपासूनची हौस. पैसे जमेपर्यंत चाळिशी आली, आणि तिच्याबरोबर मणक्यातली सरकलेली चकती. डॉक्टरांनी मोटार चालविण्यास हरकत घेतली नाही. धक्के मात्र वर्ज्य सांगितले.

“स्पोर्ट्स कार घ्या पण धक्के नकोत, म्हणजे भजी खा पण तेल नको!” भाचेसून म्हणाली. गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे होतो, म्हणून हा पेच आमच्यापुढे आला.

पहिली गाडी पाहिली ती लालभडक. तिचे नाव सांगत नाही, कारण दोष कारखान्याचा नव्हताच. आधीच्या मालकाने मोठी चाके आणि आखूड स्प्रिंगा बसवून ती आणखी खाली आणली होती. पहिल्याच गतिरोधकावर भाच्याचा चेहरा पाहिला आणि आम्ही म्हटले, “फिरव मागे!”

“अहो मामा, स्पोर्ट्स कार म्हटली की कडक असायचीच,” तो म्हणाला.

हीच ती समजूत. गाडी मुळात हलकी असेल तर तिला वळणावर सावरायला फार ताठ स्प्रिंग लागत नाही. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन हलकेपणाच्याच मागे असे. त्या कंपनीची १९९६ मधली ईलीझ जेमतेम सव्वासातशे किलोची, आणि खराब रस्त्यावर ती दिसते त्याहून पुष्कळ मऊ चालते. पण तिचा उंबरठा असा रुंद नि उंच, की आत शिरताना पाठीची घडी घालावी लागते! ती बाद झाली.

दुसरी गोष्ट टायरची, आणि गिऱ्हाईक फसते ते येथेच. पोर्शेची २००४ ते २०१२ या काळातली बॉक्स्टर घ्या. सतरा इंची चाकावर तिच्या पुढच्या टायरवर २०५/५५ असा आकडा असतो. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर आणि रबराच्या बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, सुमारे ११३ मिलिमीटर. तीच गाडी एकोणीस इंची चाकांवर घ्या. आकडा होतो २३५/३५, आणि उंची उरते ८२. रस्ता आणि कंबर यांच्यामधली दोन बोटे गादी गेली, ती बहुतांशी देखाव्यापायी! आणि विकणारा मोठ्या चाकांचेच पैसे जास्त मागतो. पंक्चर होऊनही चालणारे रन-फ्लॅट टायर तर बाजूंनी मुद्दामच ताठ केलेले असतात.

ऑडीच्या २००६ नंतरच्या टीटीत चुंबकीय शॉकअ‍ॅब्सॉर्बर मिळत. त्यांच्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. वीज सोडली की तेल क्षणात घट्ट होते, बंद केली की पातळ. युक्ती नामी आहे. पण जुन्या गाडीत ते गळू लागले, तर साध्यांच्या कितीतरी पट खर्च येतो. भाच्याने हात जोडले.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढच्या गाडीची दरसाल एम.ओ.टी. तपासणी होते, आणि गाडीचा नंबर टाकला की तिचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. (आपल्याकडे असे असते तर किती सौदे मोडले असते!) एका विक्रेत्याने “अगदी जपून वापरलेली” म्हणून दाखविलेल्या गाडीची पुढची स्प्रिंग दोनदा तुटली होती, आणि रबरी बुश झिजल्याचा शेरा तीन वर्षे जसाच्या तसा होता. झिजलेले बुश बदलता येतात, त्याने गाडी पुष्कळ सुधारतेही. पण ज्या मालकाने शेरा तीनदा वाचून सोडून दिला, त्याने आणखी काय काय सोडले असेल?

शेवटी नजर ठरली माझदाच्या एमएक्स-५ वर. २०१५ नंतरच्या घडणीची, धाकट्या दीड लिटर इंजिनाची आणि सोळा इंची चाकांची. वजन टनभराच्या आत-बाहेर, टायर १९५/५०. थोरल्या इंजिनाची सतरा इंची चाके पाहून भाचा घुटमळला. सूनबाईंनी नुसते त्याच्या कमरेकडे पाहिले. तो तीनदा आत बसला, तीनदा उठला. “जमतंय,” म्हणाला.

चाचणी गुळगुळीत हमरस्त्यावर घ्यायची नाही, रोजच्याच वाटेवर घ्यायची, हा आमचा आग्रह. आसने दोनच, म्हणून आम्ही फुटपाथवर उभे राहिलो आणि सूनबाई मांडीवर चकल्यांचा डबा घेऊन शेजारी बसल्या. चाळीस मिनिटांनी गाडी परत आली. भाचा कोणाचा हात न धरता उतरला. डबा उघडला, तर वीस चकल्यांपैकी दोन मोडल्या होत्या. त्या आमच्या हातावर ठेवून सूनबाई म्हणाल्या, “मामा, खा. आता किंमत कमी करून घ्या.”